वाड्याचे गवत आणि गोरेगावच्या म्हशी

मुंबईच्या तबेल्यातील म्हशीला चरायला कुरण नसते. तिचे कुरण वाडा, विक्रमगड, शहापूर या तालुक्यांतील वरकस, म्हणजे हलक्या माळाच्या, जमिनींवर वाढते आणि पाऊस गेल्यावर कापून, वाळवून, वखारीत गाठी बांधून ट्रकने तिच्या गव्हाणीपर्यंत येते. गोरेगाव परिसरात पशुवैद्य म्हणून काम करताना हे मी रोज पाहते. परंतु २०२५ च्या नोव्हेंबरात एका तबेल्यावर गवत पिकवणारे आणि गवत घेणारे समोरासमोर आले, तेव्हा जे बोलणे झाले ते लिहून ठेवावे असे मला वाटते.

तबेल्याच्या मालकांनी मला बोलावले होते ते दूध उतरले म्हणून. एका रांगेतील बहुतेक म्हशींनी वैरण खाणे सोडले होते, शेण पातळ झाले होते आणि रवंथ मंदावले होते. ताप नव्हता, कास तपासली तर दगडीची, म्हणजे कासेच्या सुजेची, चिन्हे नव्हती, तोंडात वा खुरांत फोड नव्हते. शेजारच्या रांगेतील म्हशी मात्र व्यवस्थित खात होत्या. दोन्ही रांगांना पेंड-भुशाचा खुराक एकच होता. वेगळी होती ती सुक्या गवताची गाडी. मी त्या गाडीतील एक गाठ सोडवायला सांगितली. बाहेरून ती चांगली पिवळी दिसत होती, पण मधला थर राखेच्या रंगाचा निघाला, गवत झटकताच पांढरी भुकटी उडाली, कुबट वास आला आणि आत हात घातला तेव्हा तळव्याला स्पष्ट ऊब लागली. ओले गवत दाबून बांधले की बुरशी आणि जिवाणू त्यात वाढू लागतात व त्यांच्यामुळे गाठ आतून तापते. कधीकधी गंजी पेट घेते ती याच कारणाने.

हिशेबासाठी वाड्याहून गवताचे शेतकरी त्याच दुपारी आले होते. मालकांनी ती गाठ त्यांच्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "काका, हा माल मी घेणार नाही. जनावर मेले असते तर कोणाकडे गेलो असतो?"

काकांनी गवत हातात घेऊन पाहिले. "माल खराब आहे, शेठ, नाही म्हणत नाही. पण दिवाळीत कापून पसरलेले गवत आठवडाभर भिजत पडले. भाताचा पेंढा शेतातच कुजला. आम्ही वाळवायचे कधी?"

त्यांचे म्हणणे खरे होते. त्या वर्षी मोसमी पाऊस मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला होता, सर्वसाधारण तारीख ११ जून असताना. आणि पाऊस परतला असे वाटत असतानाच ऑक्टोबरच्या अखेरीस अरबी समुद्रातील कमी दाबाच्या क्षेत्रामुळे कोकणात कापणीला आलेल्या भातावर पुन्हा पाऊस पडला.

सोबतच्या वयस्कर शेतकऱ्यांना मात्र हवामान बदलल्याचे मान्य नव्हते. "फयान वादळ २००९ च्या नोव्हेंबरातच आले होते ना? दिवाळीतला पाऊस आम्ही लहानपणापासून बघतो. खोट आहे ती घाईत. मजूर मिळत नाहीत, म्हणून मिळतील त्या दिवशी कापायचे आणि वखारवाला मागेल त्या दिवशी बांधायचे." त्यांचा पुतण्या यावर चिडला. पूर्वी दसरा झाला की विळे निघत, आता तो अंदाजच उरला नाही, असे त्याचे म्हणणे होते.

माझे मत विचारले तेव्हा मी सांगितले की एका वर्षाच्या पावसावरून काहीच ठरत नाही, परंतु हवामान खात्याने २०२० मध्ये मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख २९ सप्टेंबरवरून ८ ऑक्टोबर केली, ती अनेक वर्षांच्या नोंदींवरून. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील अभ्यासात १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळे ५२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले आहे. पाऊस लांबतो तसे गवत माळावर उभे राहून निबर होते; फुलोऱ्यात असताना त्यात जी प्रथिने असतात त्यांतील निम्मीसुद्धा पिकून वाळल्यावर उरत नाहीत, म्हणजे जे गवत भिजत नाही त्याचाही कस जातो. तरीही वयस्कर काकांचे घाईविषयीचे बोलणे मला चुकीचे वाटले नाही. पाऊस कोणाच्या हाती नाही, पण ओली गाठ बांधणे हाती आहे.

म्हणून मी काचेची कोरडी बरणी आणि तव्यावर भाजलेले मीठ मागवले. गवताचे बारीक तुकडे आणि चमचाभर मीठ बरणीत घालून दोन-तीन मिनिटे हलवायचे. मीठ सुटे राहिले तर ओल साधारण १५ टक्क्यांच्या आत, काचेला किंवा गवताला चिकटले तर गाठ बांधू नये. वयस्कर काकांनी स्वतः बरणी हलवली, उजेडात धरली आणि काचेला चिकटलेले मीठ बराच वेळ निरखले. मग त्यांनी चांगल्या गाडीतील गवत घालून तेच पुन्हा करून पाहिले.

बुरशीचे गवत भाकड म्हशींना घालू, असे मालक म्हणत होते. त्याला मी ठाम नकार दिला. भाकडांतली गाभण म्हैस त्याने गाभडू शकते आणि दुभतीला घातले तर बुरशीचे काही विष दुधात उतरते. त्यांपैकी अफ्लाटॉक्सिन एम१ ची दुधातील कायदेशीर मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम आहे आणि दूध उकळून ते नाहीसे होत नाही. हे दूध सकाळी लहान मुलांच्या घरी जाते.

हिरव्या पॅरा गवतावर भागवता येईल का, असेही विचारले गेले. त्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असते. ५०० किलोच्या दुभत्या म्हशीला दिवसाला १२ ते १५ किलो कोरडा अंश लागतो, तो एकट्या हिरव्यातून भरून काढणे कठीण आहे. मी मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, सुचवला: सप्टेंबरात फुलोऱ्यावर कापून, कुट्टी करून, थोडी उसाची मळी मिसळून पिशवीत दाबून ठेवायचा, म्हणजे उन्हाची वाट पाहावी लागत नाही. पुतण्याने लगेच हिशेब मांडला. "मॅडम, त्यातही दोन तृतीयांश पाणीच. वाड्याहून गोरेगावला पाण्याचे भाडे कोण देणार?" शंका अगदी रास्त होती आणि तिच्यावरच सर्वांत जास्त वेळ बोलणे झाले.

अखेर असे ठरले की खराब गाठी खतात जातील आणि त्या गाडीचा तोटा दोघांनी अर्धा-अर्धा सोसायचा. पुढच्या हंगामात एका एकराच्या गवताचा मुरघास करून पाहायचा, पिशव्या आणि भाडे मालकांचे, कापणी व कुट्टी शेतकऱ्यांची. आणि सुक्या गवताची प्रत्येक गाडी भरण्यापूर्वी वखारीतच मिठाची परीक्षा करायची. दराचे मात्र त्या दिवशी जमले नाही. वाळवायला लागणारे जादा दिवस दरात धरावेत, असा काकांचा आग्रह होता, आणि माझ्या मते तो योग्यच होता; मालकांनी त्यावर इतर तबेलेवाल्यांशी बोलून सांगतो एवढेच म्हटले.