परळीची पाटी

मुख्याध्यापकांचा फोन आला, "सर, अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या." मी लगेच हो म्हणालो. लिहायला बसलो तेव्हा शाळेच्या पंचाहत्तर वर्षांतलं दुसरं काहीच समोर येईना, पहिली-दुसरीचे गुरुजी तेवढे दिसत राहिले. धोतर, काळी टोपी, उजव्या हाताच्या दोन बोटांना कायमचा लागलेला खडू. कोणते गुरुजी, हे आपल्या गावात सांगावं लागत नाही. बाकीच्यांना आपण आडनावानं ओळखायचो. नुसतं "गुर्जी" म्हटलं की तेच. इतर शिक्षकांनी माझा राग मानू नये, त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ जण आहेत.

मी १९७१ साली पहिलीत आलो. दुसरीत गेलो तो बहात्तरचा दुष्काळ. पण त्याआधी एक सांगायला हवं. वर्गात मी हुशार म्हणून गणला जायचो. बालभारतीचा कोणताही धडा काढा, मी धडाधडा म्हणून दाखवायचो. साहेब तपासणीला आले की मलाच उभं करायचे. घरी पाहुणे आले की आई पुस्तक हातात द्यायची. चित्र बघितलं की पानावरचं सगळं मला आठवायचं, बोटही ओळीवरून बरोबर सरकायचं. हे वाचन नाही, हे मलाही ठाऊक नव्हतं. वाचणं म्हणजे हेच, असं मी समजून चाललो होतो.

मग फाट्यावरचा तो दिवस आला. शनिवारची सकाळची शाळा सुटली होती. लातूरकडून येणाऱ्या एसटीची वाट बघत चार-पाच माणसं लिंबाखाली बसली होती. एका आजीनं विचारलं, "बाळा, ही कोणती गाडी रं?" मी लांबूनच बघितलं आणि ठणकावून सांगितलं, "आंबेजोगाई!" अकराची गाडी आंबेजोगाईचीच असायची. गाडी थांबली, कंडक्टर दारातून ओरडला, "परळी, परळी!" त्या दिवशी गाडी पुढं परळीपर्यंत होती. आजीला अंबाजोगाईलाच उतरायचं होतं, तिचं काही बिघडलं नाही, ती चढली. गुरुजी मात्र सायकल धरून माझ्या मागंच उभे होते.

धुरळा बसेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "गाडी येळंवरून वळखलीस. पाटी कुठं वाचलीस?"

मी गप्प.

"आंबेजोगाई केवढं लांब नाव. अन् त्या पाटीवर अक्षरं किती हुती?"

मी आठवून म्हणालो, "तीन."

"मग?" म्हणून त्यांनी सायकलच्या दांडीवर बोटानं हळूहळू लिहिलं. प. र. ळी. "बाळ"मधला ळ मला येत होता, तो ओळखीचा निघाला. बाकीची दोन अक्षरं त्याच्या मागून लागली. आयुष्यात मी वाचलेला तो पहिला शब्द.

सोमवारी पुस्तक बंद करून ठेवायला सांगून त्यांनी मला जवळ घेतलं आणि हळू आवाजात, बाकीच्या मुलांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "खरं सांग, तू वाचूलालास का नुसतं म्हणूलालास?" मी रडायला लागलो. त्यांनी पाटी मांडीवर घेतली. "घरी काल काय झालं?" मी म्हणालो, "आमची म्हैस आटली." त्यांनी तेच पाटीवर लिहिलं: म्हैस आटली. माझंच वाक्य, पाठ करायची गरज नव्हती. मग ओल्या बोटानं फक्त 'आ' पुसला आणि तिथं 'वा' लिहिलं. वाटली. मग दाटली. मग फाटली. एक अक्षर बदललं की शब्द बदलतो, हे माझ्या डोळ्यांदेखत घडत होतं. पुढं म्हैस गेली आणि तिच्या जागी चटणी आली, "चटणी वाटली." पाठांतराला तिथं जागाच उरली नव्हती. काय लिहिलंय ते बघितल्याशिवाय सांगताच यायचं नाही.

शिक्षक म्हणून पुढं मी वेगवेगळ्या पद्धतींची प्रशिक्षणं केली, पण त्या सकाळएवढं नेमकं प्रशिक्षण मला कुणी दिलं नाही.

गुरुजींना हे कुठून कळलं, ते त्यांनीच पुढं सांगितलं. त्यांचं शालेय शिक्षण निजामाच्या राजवटीत झालं. भूगोल उर्दूत, गणित उर्दूत, घरात बोलणं मराठी. पहिलं वर्षभर एक अक्षर कळत नसताना ते धडे ऐकून पाठ करायचे आणि शाबासकी मिळवायचे. मराठी वाचायला ते देवळात, पोथी सांगणाऱ्या बुवांच्या शेजारी बसून शिकले. म्हणून पोपटासारखं बोलणारं लेकरू त्यांना लगेच ओळखू यायचं. ते स्वतः तसं होते.

आमच्या वर्गाला त्यांनी ग, म, भ, न या क्रमानं शिकवलं. आकार एकमेकांशी मिळतेजुळते, हात एकदा वळला की पुढचं अक्षर सोपं जातं. चार अक्षरं आली की मग, नभ, मन, गगन असे शब्द लगेच हाती. दुष्काळात पाटीवरच्या पेन्सिली मिळेनाशा झाल्या तेव्हा आम्ही मैदानातल्या फुफाट्यात बोटानं लिहायचो आणि तळहातानं पुसायचो. पहिली वेलांटी मला फार छळायची, कारण ती दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. गुरुजी प्रत्येक वेळी आधी नुसतं अक्षर म्हणायला लावायचे, मग वेलांटीसकट. 'र' साठी त्यांनी गावात येणाऱ्या बहुरूप्याचं उदाहरण घेतलं. सूर्यात डोक्यावर चढतो, चक्रात पायाशी तिरका होतो, ट्रकमध्ये पायाखाली घर करून बसतो, सुऱ्यात चंद्रकोर होऊन चिकटतो. "सोंग कोणतंबी घेऊ द्या, माणूस त्योच," असं ते म्हणायचे. मी निवृत्त होईपर्यंत 'र' असाच शिकवला.

एकदा मी पाटीवर "पानी" लिहिलं. त्यांनी ते खोडलं नाही. शेजारी "पाणी" लिहिलं आणि म्हणाले, "हे तुझ्या घरातलं, हे पुस्तकातलं. दोन्ही ठिवायचं." आमच्या बोलण्याची लाज त्यांनी आम्हाला कधी वाटू दिली नाही. याबद्दल त्यांचे किती आभार मानावेत, मला कळत नाही.

आणि आईचं नाव. दुष्काळी कामावर पाझर तलावाची माती वाहायला आमच्या घरची सगळी माणसं जायची. पगाराच्या दिवशी मस्टरवर अंगठे उठायचे. गुरुजींनी वर्गात सांगितलं, स्वतःचं नाव नंतर, आधी आईचं नाव लिहायला शिका. माझ्या आईचं नाव तीन अक्षरी, शेवटी ळ. मी रोज संध्याकाळी चुलीपुढच्या राखेत ते काढायचो आणि ती बघायची. पुढच्या एका पगाराला तिनं अंगठ्याऐवजी नाव काढलं. अक्षरं रांगेत नव्हती, ळ तर ओळीच्या खाली घसरलेला. ती घरी आली तेव्हा तिच्या हाताला शाई नव्हती, एवढंच मला आठवतं. दुष्काळात खायला मिळणारी सुकडी आम्ही वाटून घ्यायचो, त्या दिवशी तिनं तिच्या वाटणीची मला दिली.

चौथीत अंबाजोगाईची सहल गेली. मुकुंदराजांची समाधी बघितली, दासोपंतांची पासोडी बघितली. एवढ्या मोठ्या कापडावर ओळींवर ओळी. दासोपंतांना रोज एका ढब्बू पैशाची शाई लागायची, अशी आख्यायिका गुरुजींनी तिथंच उभ्याउभ्या सांगितली. गाडीत बसण्याआधी त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पाटी वाचली, मोठ्यानं.

१९८७ साली मी जिल्हा परिषदेत लागलो. मुख्याध्यापकपद येईपर्यंत पहिलीचाच वर्ग मागून घेतला. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला शब्दांची आणि अक्षरांची कार्डं केली, लेकरांची स्वतःची वाक्यं लिहून त्यांचीच वाचनपुस्तकं शिवली. ऊसतोडीला दसऱ्यानंतर जाणाऱ्या आणि गुढीपाडव्याच्या आसपास परतणाऱ्या लेकरांसाठी ती कार्डं पिशवीत घालून दिली. काही पिशव्या परत आल्या, काही आल्या नाहीत. जिल्हा परिषदेनं आदर्श शिक्षक म्हणून गौरवलं तेव्हा नारळ आणि शाल घेऊन मी आधी गुरुजींच्या घरी गेलो. ते थकले होते, त्यांनी शाल माझ्याच खांद्यावर टाकली.

आज शाळेत फरशी आहे, संगणक आहे, भिंतींवर रंगीत अक्षरं आहेत. फाट्यावरचा लिंब रस्तारुंदीत गेला. सकाळी आठला पिवळ्या गाड्या येतात आणि गावातली लेकरं इंग्रजी शाळेला घेऊन जातात. परवा शेजारचा नातू माझ्यापुढं उभा राहून इंग्रजी कविता खडखडा म्हणाला. मी पुस्तक उघडून मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं. तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मला फाट्यावरचा मी आठवलो आणि जेवण गेलं नाही. मुलांना वाचता येतं का हे बघणाऱ्या 'असर' या पाहणीत २०२२ साली देशातल्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या निम्म्याहून जास्त मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. केंद्र सरकारचं 'निपुण भारत' अभियान सुरू झालं आहे, तिसरीपर्यंत प्रत्येक लेकरू समजून वाचेल असं त्याचं उद्दिष्ट आहे, ते पूर्ण व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पण लेकराला जवळ घेऊन, इतरांना ऐकू जाणार नाही असं "वाचूलालास का म्हणूलालास" हे विचारणारं माणूस प्रत्येक वर्गात हवं. तेवढा वेळ शिक्षकाला मिळायला हवा. तो आता मिळत नाही, नुसती माहिती भरण्यात जातो, हे मी माझ्या शेवटच्या दहा वर्षांत सोसलं आहे.

गुरुजींचं नाव नव्या खोलीला द्यावं, अशी माझी समितीला विनंती आहे. मोठी खोली नको, पहिलीच्या वर्गाची द्यावी.

माझी कार्डांची पत्र्याची पेटी मी शाळेला दिली आहे, किल्ली मुख्याध्यापकांकडे आहे. शब्दांची कार्डं दोऱ्यानं बांधलेली आहेत, सुटी अक्षरं खालच्या डब्यात. 'ळ' ची चार कार्डं कमी भरली. ती करून मी कार्यक्रमाच्या दिवशी सोबत आणतो.