गाडीचोरी, फ्लिपर झिरो आणि कच्ची कुलपे

फेब्रुवारी २०२४ मध्ये ओटावा येथे गाडीचोरीच्या प्रश्नावर राष्ट्रीय परिषद भरली आणि त्याच वेळी कॅनडाचे तत्कालीन उद्योगमंत्री फ्रांस्वा-फिलिप शाम्पान्य यांनी, किल्लीच्या बिनतारी संदेशाची नक्कल करून गाड्या चोरण्यासाठी ते वापरले जाते असे सांगत, फ्लिपर झिरो या उपकरणाच्या आयातीवर, विक्रीवर आणि वापरावर बंदी आणण्याचा मनोदय जाहीर केला. देशात वर्षाला सुमारे ९० हजार गाड्या चोरीला जातात, म्हणजे जवळपास दर सहा मिनिटांना एक, असा सरकारचाच अंदाज होता, आणि त्यांपैकी बऱ्याच गाड्या कंटेनरमध्ये भरून मॉन्ट्रियल बंदरातून परदेशी रवाना होत होत्या. सरकारने तातडीने काही करावे ही मागणी रास्तच होती. परंतु या घोषणेने दोष चुकीच्या ठिकाणी ठेवला असे माझे ठाम मत आहे, आणि मी याच देशात गाडी चालवतो म्हणून ते सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

फ्लिपर झिरो हे तळहातावर मावणारे, २०२४ मध्ये १६९ अमेरिकी डॉलरना विकले जात असलेले उपकरण आहे. ते प्रवेशपत्रांतील चिप वाचते, टीव्हीच्या रिमोटची नक्कल करते आणि काही रेडिओ संदेश पकडून पुन्हा पाठवते. आधुनिक गाडीची रिमोट किल्ली मात्र प्रत्येक वेळी नवा संकेत पाठवते, त्यामुळे एकदा गाडीने स्वीकारलेला संकेत पुन्हा ऐकवला तर ती तो नाकारते. बिनकिल्लीच्या, म्हणजे किल्ली नुसती जवळ असली की बटणाने सुरू होणाऱ्या, गाड्या चोरण्यासाठी वापरली जाणारी रिले पद्धत अगदी निराळी आहे. एक चोर घराच्या दाराशी अँटेना धरतो, दुसरा गाडीपाशी उभा राहतो, आणि घरात पडलेल्या किल्लीचा क्षीण संदेश दोघांमधून गाडीपर्यंत पोहोचवला जातो. यात कोणतेही कूट फोडले जात नाही. किल्ली जवळ आहे असे गाडी समजते, कारण ती खरोखर किती दूर आहे हे मोजण्याची सोयच तिच्यात केलेली नसते. हे काम फ्लिपर झिरोच्या आवाक्यातले नाही.

याहून गंभीर प्रकार लंडनमध्ये उघडकीस आला. २०२२ मध्ये इयन टेबर या सुरक्षा-संशोधकाची टोयोटा आरएव्ही४ चोरीला गेली. त्याआधी तिचा बंपर आणि हेडलाइटच्या तारा कोणीतरी ओढून सैल केलेल्या त्यांना आढळल्या होत्या. त्यांनी आणि वाहन-इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार केन टिंडेल यांनी शोध घेतला तेव्हा ब्लूटूथ स्पीकरच्या कवचात दडवलेले एक उपकरण समोर आले. हेडलाइटच्या तारांना जोडले की ते गाडीच्या अंतर्गत जाळ्यात, म्हणजे तिचे निरनिराळे इलेक्ट्रॉनिक भाग एकमेकांशी ज्या तारांवरून बोलतात त्यांत, ‘किल्ली ओळखली आहे’ असा खोटा संदेश सोडते, आणि गाडी तो निमूटपणे मान्य करते. या जाळ्याची रचना १९८० च्या दशकातली आहे आणि संदेश कोणी पाठवला हे तपासण्याची तरतूद तिच्यात मुळातच नव्हती. अशी उपकरणे काही हजार युरोंना विकली जातात, आतले सुटे भाग मात्र सुमारे दहा डॉलरचे असतात. केवळ चोरीसाठीच घडवलेल्या अशा वस्तू बाळगणे व विकणे हा गुन्हा ठरावा, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. विद्यार्थी आणि संशोधक शिकण्यासाठी वापरतात त्या सर्वसाधारण साधनाला त्यांच्याच रांगेत उभे करणे मात्र मला मान्य नाही.

दोष नेमका कोठे आहे, हे अमेरिकेतील किया आणि ह्युंदाईच्या प्रकरणाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल. या कंपन्यांनी सुमारे २०११ पासून दहा वर्षे तिथे विकलेल्या, साध्या किल्लीने सुरू होणाऱ्या लाखो गाड्यांत इमोबिलायझरच बसवला नव्हता. हा छोटा भाग किल्लीतील चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ देत नाही. विमा क्षेत्रातील एका संशोधन संस्थेनुसार २०१५ च्या मॉडेल्सपैकी इतर कंपन्यांच्या ९६ टक्के गाड्यांत तो मुळातच होता, तर या दोघींच्या केवळ २६ टक्के गाड्यांत. मिलवॉकीच्या किशोरवयीन मुलांनी स्टिअरिंगखालचे आवरण काढून यूएसबी केबलच्या टोकाने गाड्या सुरू केल्या, आणि टिकटॉकवरून ती युक्ती देशभर पसरली. अपघातांत माणसेही दगावली. यावर यूएसबी केबलवर बंदी घालावी असे कोणी सुचवले नाही. अखेर २०२३ मध्ये कंपन्यांना सॉफ्टवेअर बदलून द्यावे लागले आणि सुमारे २० कोटी डॉलरच्या तडजोडीस मान्यता द्यावी लागली.

ही लाट कॅनडात आली नाही, कारण येथे सप्टेंबर २००७ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा आहे. नेदरलँड्समधील एका अभ्यासातही या सक्तीमुळे गाडीचोरीचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले आहे. मग हाच देश पुढे चोरांना इतका सोपा का वाटू लागला? माझ्या मते त्याचे मोठे कारण हे, की बिनकिल्लीच्या गाड्या रस्त्यावर आल्या तरी २००७ चा नियम त्यांच्यासाठी पुरेसा बदलला गेला नाही.

त्रुटी झाकून ठेवण्याची वृत्तीही जुनीच आहे. बर्मिंगहॅम आणि नेदरलँड्समधील संशोधकांनी अनेक कंपन्यांच्या इमोबिलायझरमधील मेगामॉस क्रिप्टो या चिपचा कच्चेपणा दाखवणारा शोधनिबंध लिहिला, तेव्हा २०१३ मध्ये फोक्सवॅगनने लंडनच्या न्यायालयातून त्याच्या प्रकाशनास मनाई मिळवली. तो २०१५ मध्ये, एक वाक्य वगळून, प्रसिद्ध झाला. मधल्या काळात ती चिप असलेल्या गाड्या रस्त्यावर धावतच होत्या आणि त्यांच्या मालकांना काही कळले नव्हते.

या सगळ्याची किंमत आज मालक मोजतो आहे. आमच्या टोरोंटो परिसरात लोक पदरमोड करून स्टिअरिंगला लोखंडी दांड्याचे कुलूप लावतात, किल्ली संदेशरोधक पाकिटात ठेवतात आणि विम्याचा वाढीव हप्ता भरतात. चोर घरात घुसू नयेत म्हणून किल्ल्या दाराशीच ठेवा, असा सल्ला २०२४ मध्ये टोरोंटोच्या एका पोलीस अधिकाऱ्याने नागरिकांच्या बैठकीत दिला होता. तो सद्भावनेनेच दिलेला होता, पण व्यवस्थेची हतबलता त्यातून दिसते.

मार्च २०२४ मध्ये सरकारने सूर मवाळ केला आणि या उपकरणांचा वापर वैध कामांपुरता मर्यादित ठेवण्याची भाषा सुरू केली. तेवढे पुरेसे नाही. किल्लीचे अंतर मोजणारे अल्ट्रा-वाइडबँड तंत्र काही गाड्यांत आजही मिळते, काही काळ न हलवल्यास संदेश थांबवून झोपी जाणारी किल्लीही मिळते, आणि अंतर्गत संदेशांची सत्यता तपासता येते. वाहतूक मंत्रालयाने या तिन्ही गोष्टी २००७ च्या नियमात घालून त्यांना मुदत ठरवून द्यावी, आणि आधीच विकल्या गेलेल्या गाड्यांच्या दुरुस्तीचा खर्च कंपन्यांकडून वसूल करावा.