हातातले सामान

प्रवासाच्या आदल्या रात्री बॅगेचे वजन करण्याची आमच्या घरची रीत अशी आहे की मी आधी बॅग हातात धरून वजनकाट्यावर उभा राहतो, मग बॅग खाली ठेवून पुन्हा उभा राहतो, आणि सौ. चष्मा सावरत वजाबाकी करतात. आकडे मोठ्याने वाचावे लागत असल्यामुळे या व्यवहारात बॅगेपेक्षा माझ्याच वजनाची चर्चा अधिक होते. गेल्या हिवाळ्यात मुलीकडे हैदराबादला निघालो तेव्हा वजाबाकीचे उत्तर 7 किलो 200 ग्रॅम आले. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाची मर्यादा सर्वसाधारणपणे 7 किलोंची असते. त्यातही आमची चाकांची बॅग रिकामीच 2 किलो 800 ग्रॅम भरते, म्हणजे विमान कंपनीने उदार मनाने दिलेल्या सात किलोंपैकी जवळजवळ तीन किलो बॅगच खाऊन टाकते. वरच्या 200 ग्रॅमसाठी चिवड्याची पुडी काढावी की माझे पुस्तक, असा प्रश्न उभा राहिला आणि अर्थातच पुस्तक निघाले.

बॅगेला चाके लावण्याची कल्पना बर्नार्ड सॅडो या अमेरिकी गृहस्थाला 1970 मध्ये सुचली आणि 1972 मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले. पण ती बॅग आडवी, पट्ट्याने ओढायची होती. आज आपण ओढतो ती उभी, लांब दांड्याची बॅग 1987 मध्ये रॉबर्ट प्लॅथ या वैमानिकाने तयार केली. एका वैमानिकाने केलेल्या सोयीवर पुढे विमान कंपन्यांनीच फूटपट्टी लावावी, याची मला गंमत वाटते. कारण 55, 35 आणि 25 सेंटिमीटर ही मापे घेताना चाके आणि मूठ यांच्यासकट मोजायचे असते, आणि बॅग बसत नाही ती बहुधा चाकांमुळेच.

हातातले सामान वेगळे आणि विमानाच्या पोटात खाली द्यायचे सामान वेगळे, ही विभागणी आमच्या पिढीला मुळात उशिरा कळली. मी कित्येक वर्षे पासधारक म्हणून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जात-येत असे. तिथे सामानाचा नियम एकच होता, तो म्हणजे डोळ्यांसमोर राहील ते आपले. एसटीत तर पिशवी मांडीवर घेऊन माणसे नाशिकहून धुळ्यापर्यंत बसत आणि खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागा सगळा गाव मानत असे. विमानात आसन क्रमांकासह आपले असते, डोक्यावरचा कप्पा मात्र कोणाचाच नसतो. तिथे रुमालही चालत नाही. त्यामुळे विमानात चढण्याची घोषणा व्हायच्या आतच लोक रांग का धरतात, हे मला तीन-चार प्रवासांनंतर उमगले. आसन कुठे पळून जात नाही, पण कप्पा भरून जातो. अमेरिकेत 2008 च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी खाली द्यायच्या पहिल्याच बॅगेचे पैसे घ्यायला सुरुवात केली आणि तिथले कप्पे ओसंडू लागले. आपल्याकडे साध्या तिकिटावरही बहुधा 15 किलो सामान खाली देता येते, म्हणजे प्रश्न पैशांचा नसतो. उतरल्यावर सामानाच्या फिरत्या पट्ट्यापाशी उभे राहण्याचा कंटाळा आणि नजरेआड झालेल्या वस्तूविषयीची जुनी धास्ती, एवढीच आपली कारणे, आणि मला ती दोन्ही रास्त वाटतात.

आता ओझरविषयी. नाशिककरांचा विमानतळ म्हणजे ओझर, शहरापासून आग्रा रोडने साधारण वीस किलोमीटर. हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यालगतचा हा तळ, जिथे मिग आणि नंतर सुखोई ही लढाऊ विमाने तयार झाली. अशा धावपट्टीवर आपण लाडवांचा डबा घेऊन निघालो आहोत, या जाणिवेने मी दर वेळी थोडा संकोचतो. आमचे विमान पंख्यांचे, एटीआर जातीचे होते. त्यात प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि सामानाचा मुख्य कप्पा पुढे, वैमानिकांच्या पाठीशी असतो. डोक्यावरचे कप्पे इतके बेताचे की मोठ्या विमानात सहज मावणारी चाकांची बॅग तिथे तोंड वेंगाडून अर्धी बाहेर राहते. तेव्हा वजन सात किलोंच्या आत आणून, मापे जुळवून, पुस्तकाचा बळी देऊन आम्ही रांगेत उभे होतो तरी दारापाशी उभी असलेली मुलगी माझ्या बॅगेकडे पाहून म्हणाली, “काका, ही बॅग खाली द्यावी लागेल. तिकडे पट्ट्यावर मिळेल.”

“अहो, वजन बरोबर सात आहे,” मी म्हणालो.

“वजनाचं नाही काका, जागा नाही. आत पॉवर बँक असेल तर तेवढी काढून घ्या.”

तिचा स्वर इतका शांत होता की भांडायची सोयच उरली नाही. पॉवर बँकेचे तिचे म्हणणेही खरे होते. लिथियमची बॅटरी तापून पेटली तर माणसांमध्ये ती दिसते आणि विझवता येते. सामानाच्या बंद कप्प्यात ती कोणाच्या लक्षात येणार? म्हणून ती आपल्याजवळच ठेवायची असते. याउलट लाल तिखट आणि मसाला जवळ चालत नाही, तो खाली द्यावा लागतो; सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तर त्यातल्या तेलामुळे कुठेच चालत नाहीत. आमच्या लेकीसाठी दळून आणलेला काळा मसाला आम्ही आधीच मोठ्या बॅगेत घालून खाली दिला होता, त्या शहाणपणाचा अभिमान मला त्या क्षणापर्यंत होता.

मग मी तिथेच, रांगेच्या कडेला, गुडघा टेकून बॅग उघडली. अवघ्या विमानाच्या प्रवाशांदेखत आपली बॅग उघडणे म्हणजे काय, हे ज्याने केले त्यालाच कळेल. वर इस्त्रीचा लेंगा, त्याखाली मफलर, त्याखाली सौ.नी वर्तमानपत्रात गुंडाळलेली कसली तरी बरणी, आणि पॉवर बँक अर्थातच तळाला. मागून कोणी तरी “होऊ द्या निवांत” म्हणाले, त्यातला सूर निवांत नव्हता. दोन मिनिटांत काय काय सोडवत नाही याचा निर्णय करायचा होता. मी पॉवर बँक काढली, रक्तदाबाच्या गोळ्या काढल्या, चष्म्याचे घर काढले आणि हाताला लागली म्हणून चिवड्याची पुडीही काढली. दारापाशीच्या मुलीने बॅगेच्या मुठीला चिठ्ठी अडकवली आणि अर्धा भाग माझ्या हातात दिला.

विमान वर चढले, खाली द्राक्षबागांच्या रेघा दिसू लागल्या, तेव्हा सौ.नी हळूच विचारले, “अहो, घराची किल्ली कुठे आहे?”

मी समोर पाहिले. प्रवाशांच्या ओळी संपतात तिथे एक साधी भिंत होती आणि तिच्यापलीकडे, माझ्याही आधी हैदराबादला पोहोचणाऱ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, आमच्या घराची किल्ली होती. मांडीवर चिवडा होता.

हैदराबादला पट्ट्यापाशी आम्ही बराच वेळ उभे होतो. मोठी बॅग मसाल्यासकट लवकर आली, छोटी येईना. पुडी केव्हा सुटली ते कळले नाही, पण बॅग आली तेव्हा तळाला कढीपत्ता आणि चार शेंगदाणे उरले होते. सौ.नी बॅग उतरवण्याआधीच वाकून बाहेरचा कप्पा उघडला, किल्ली काढली आणि स्वतःच्या पर्समध्ये टाकली.