पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार कुठे करायची, असं वाडीतल्या दोघी-तिघींनी विचारलं, म्हणून लिहितेय. चौकशीत कोण काय बोललं ते लिहिणार नाही. 2013 च्या कायद्यात कलम 16 प्रमाणे ते गुप्त ठेवायचं असतं. मला सांगायचंय ते त्याच्या आधीचं.

मी किनाऱ्यावरच्या एका लहान हॉटेलात कामाला आहे. मोसमातसुद्धा आम्ही दहाच्या आतच असतो. दहा किंवा जास्त माणसं असली तर मालकाने अंतर्गत समिती नेमायची. कमी असली, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असली, तर जिल्ह्याची स्थानिक समिती. माझी तक्रार मॅनेजरविरुद्ध होती.

जिल्ह्याच्या ऑफिसात आवक टेबलावरच्या माणसाने पहिल्या दोन ओळी वाचल्या आणि म्हणाला, "आधी तुमच्या अंतर्गत समितीचं पत्र आणा." समितीच नाही तर पत्र कोण देणार? "मग तालुक्याला द्या." तालुक्याला म्हणाले, असलं आमच्याकडे येत नाही. वास्तविक तालुक्याला नोडल अधिकारी असतो आणि त्याने तक्रार घेऊन 7 दिवसांत समितीकडे पाठवायची असते. पुन्हा जिल्ह्याला. पहाटेची एसटी पकडायची, साहेब मीटिंगला गेलेले, शेवटची गाडी चुकेल म्हणून संध्याकाळी उठायचं. त्या दिवसाचा पगार बुडाला तो वेगळाच.

एकदा तोच माणूस माझा अर्ज पुढे-मागे चाळत म्हणाला, "ताई, हॉटेलात कामाला म्हटल्यावर एवढं चालायचंच. बाईमाणसाने दुसरं काही बघावं." शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मानसुद्धा वर केली नाही. मॅनेजरचा राग होताच, पण हे वाक्य अजून डोक्यातून जात नाही. मी चादरी बदलते, ताटं उचलते, म्हणून माझी तक्रार हलकी? तिथे एखाद्या बँकेतल्या मॅडम गेल्या असत्या तर त्यांना बसायला खुर्ची मिळाली असती. मला उभंच ठेवलं होतं.

आणि मुदत सरत होती. शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांत तक्रार द्यावी लागते. समिती लेखी कारण नोंदवून आणखी 3 महिने देऊ शकते, पण त्याच्या भरवशावर राहू नका. शेवटी आमच्या बचत गटाच्या अध्यक्षा बरोबर आल्या. त्यांनी कायद्याची छापील प्रत टेबलावर ठेवली, कलम 6 वर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "घेत नसाल तर घेत नाही असं लिहून द्या." मग शिक्का उमटला. आवक क्रमांक, तारीख, सही. तो कागद हातात आल्यावर मला रडू आलं.

पुढचं वेळेत झालं. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते, अहवालानंतर 60 दिवसांत कारवाई व्हायला हवी. मॅनेजर गेला, मी कामावर आहे.

अर्ज सहा प्रतींत लागतो, साक्षीदारांच्या नावा-पत्त्यांसह. लिहिता येत नसेल तर समितीनेच मदत करायची असते. कोणी "मिटवून टाका" म्हणालं तर समेट फक्त तुम्ही मागितला तरच होतो, आणि पैशांवर तर नाहीच. चौकशी चालू असताना 3 महिन्यांपर्यंत रजा मागता येते, ती तुमच्या हक्काच्या रजेतून कापत नाहीत. मात्र लेखी मागा.

त्या टेबलासमोर एकटीने जायला कोणाला धीर होत नसेल तर मला सांगा, मी येईन. सोमवारी माझी सुट्टी असते.