एकच गाडी, दोन गावं

गेल्या सप्टेंबरात, म्हणजे 2025 मध्ये, मी जो ग्रुप घेऊन गेले त्यातले अकराही जण पहिल्यांदाच युरोपला निघाले होते. कराडचे काका-काकू, कोल्हापूरचं एक जोडपं, सांगलीच्या तिघी बहिणी आणि पुण्याचं चौघांचं कुटुंब. बारावी मी, त्यांची टूर लीडर. पॅरिस, स्वित्झर्लंड, व्हेनिस. बस नाही, सगळा प्रवास रेल्वेने. ग्रुप लहान असला की मला हे आवडतं. गाडीत बसलेल्या माणसाला देश दिसतो.

आमच्या धंद्यात विमानतळ ते हॉटेल, हॉटेल ते स्टेशन या प्रवासाला ट्रान्सफर म्हणतात. छापील कार्यक्रमात त्याला एक ओळ मिळते: ‘नाश्ता करून इंटरलाकेनकडे प्रस्थान.’ माझी नऊ वर्षं याच ओळीत गेली आहेत. आयफेल टॉवरखाली माणूस हरवत नाही. तो हरवतो फलाट बदलताना, सरकत्या जिन्यावर, बॅग उचलायला मागे वळतो तेव्हा.

पॅरिसला उतरलो त्या दिवशी ठरवलेली गाडी आलीच नाही. शार्ल द गोल विमानतळावर पाऊण तास वाट पाहिली, चार फोन केले. टॅक्सीचे दर तिथे ठरलेले असतात, तेव्हा सीन नदीच्या उजव्या तीरासाठी 56 युरो आणि डाव्या तीरासाठी 65 होते. पण बारा माणसं आणि तेरा बॅगा तीन टॅक्सींत विभागून तीन अनोळखी चालकांच्या हवाली करायचं माझ्या जिवावर आलं. मग आरईआर बी, म्हणजे तिथली लोकल. माणशी 13 युरोचं तिकीट. प्रत्येकाच्या हातात त्याचं त्याचं तिकीट दिलं आणि बजावलं, ‘जपून ठेवा, बाहेर पडतानाही लागतं.’ तिथे आत जाताना फाटक आणि बाहेर पडताना पुन्हा फाटक. शातले स्टेशनला गाडी बदलायची होती. संध्याकाळची गर्दी होती, तरी एकही माणूस इकडचा तिकडे झाला नाही. काकू तर तिकीट बटव्यात न ठेवता मुठीतच धरून होत्या.

त्या वेळी मला वाटलं, मी नीट सांभाळलं म्हणून सगळे पोचले. त्या फाटकाचा आणि मुठीतल्या तिकिटाचा हिशेब तिसऱ्या दिवशी कळला.

तिसऱ्या दिवशी गार द लियों स्टेशनवरून स्वित्झर्लंडमधल्या बाझलची टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची अतिवेगवान गाडी होती. आदल्या रात्री हॉटेलच्या लॉबीत सगळ्यांना बसवून मी दुसऱ्या दिवशीची नावं म्हणून घेतली. बाझल, इंटरलाकेन ओस्ट आणि मुक्कामाचं गाव लाउटरब्रुनेन. इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत, वेस्ट आणि ओस्ट. आपल्याला ओस्ट, म्हणजे पूर्व. कराडच्या काकू निवृत्त प्राथमिक शिक्षिका. त्यांनी डायरीच्या मागच्या पानावर ‘लाउ-टर-ब्रु-नेन’ असं फोडून लिहिलं आणि पहिलीच्या वर्गाला शिकवावं तसं दोनदा मोठ्याने म्हटलं. सांगलीच्या धाकट्या ताई म्हणाल्या, ‘ब्रुनेन लक्षात राहील, पण आधीचं काय ते विसरणार बघा मी.’

सकाळी स्टेशनवर पाऊण तास आधी पोचलो. गार द लियोंचे फलाट दोन दालनांत वाटलेले आहेत, एकात अक्षरांचे आणि दुसऱ्यात आकड्यांचे. कोणता फलाट ते गाडीच्या साधारण वीस मिनिटं आधीच कळतं. आणि सुटायच्या दोन मिनिटं आधी दारं बंद होतात, मग समोर उभ्या असलेल्या माणसालाही घेत नाहीत. हे सगळं मी आधीच सांगून ठेवलं होतं. हेही सांगितलं होतं की कधीकधी दोन टीजीव्ही जोडून एक लांब गाडी करतात, एकीचे डबे 1 ते 8 आणि दुसरीचे 11 ते 18, आणि आतून एकीतून दुसरीत जाता येत नाही. आमचा डबा पंधरावा. फलाटावरून भराभर चालत, डबा आणि नंबर बघून, दारं बंद व्हायच्या बऱ्याच आधी सगळे जागेवर होते.

बाझलला गाडी बदलली. स्वित्झर्लंडच्या स्टेशनांवर फाटकं नसतात. रस्त्यावरून सरळ फलाटावर, फलाटावरून सरळ गाडीत. तिकीट कोणी बघितलंच तर गाडीत. प्रत्येकाच्या नावाचा स्विस ट्रॅव्हल पास काढलेला होता, पण तो क्यूआर कोडचा, आणि बाराही पास माझ्या फोनमध्ये. म्हटलं, कशाला वाटत बसायचं, टीसी आला तर मी एकदम दाखवीन. ज्येष्ठांना तेवढीच काळजी कमी.

बाझलच्या फलाटावर काका घड्याळापाशी थबकले. तिथल्या घड्याळाचा लाल सेकंदकाटा फेरी पुरी करून बारावर येतो, क्षण-दीड क्षण थांबतो, मिनिटकाटा टकन पुढे सरकतो आणि मग पुन्हा निघतो. हान्स हिल्फिकर नावाच्या रेल्वेतल्याच इंजिनिअरने 1944 साली हे घड्याळ बनवलं. काकांनी चार मिनिटं उभ्याने ते पाहिलं. ‘सगळ्यांना गाठून मग पुढं जातोय बघा तो,’ म्हणाले. त्यांच्या गुडघ्याचं दुखणं मला माहीत होतं. त्यांची बॅग मी घेतली.

बर्न, थुनचं तळं, श्पीत्स. खिडक्यांना सगळे चिकटलेले. इंटरलाकेन ओस्टला दुपारी एकच्या सुमाराला उतरलो. समोरच्या फलाटावर डोंगरातली छोटी गाडी उभी होती, निघायला काही मिनिटंच होती. तेरा बॅगा खाली, तेरा बॅगा वर. मी दारात उभी राहून बॅगा आत ओढत होते. काका-काकूंना त्या दारात गर्दी दिसली. थोडं पलीकडचं दार मोकळं होतं, ते दोघं आपल्या दोन बॅगा घेऊन त्या दारातून चढले. काकूंनी मला हात करून सांगितलं आणि मी मान डोलावली.

ती मान मी डोलवायला नको होती.

बर्नर ओबरलांड या डोंगराळ भागातली ही रेल्वे 1890 सालची. इंटरलाकेनहून निघताना ती एक गाडी असते आणि त्स्वाइलुट्शिनेन नावाच्या छोट्या स्टेशनवर तिच्या दोन होतात. एक अर्धी लाउटरब्रुनेनला जाते, दुसरी ग्रिंडेलवाल्डला. दोन दऱ्या, दोन दिशा. कोणत्या डब्यात बसायचं ते फलाटावर आणि डब्यावर लिहिलेलं असतं. मी या गाडीने सहा वेळा गेले होते. टीजीव्हीच्या जोडगाडीबद्दल लॉबीत दहा मिनिटं बोलले होते. या गाडीबद्दल एक अक्षर नाही, कारण मी सोबत असणारच होते.

गाडी निघाल्यावर हजेरी घेतली. नऊ. दोघं पलीकडच्या डब्यात, हे मला माहीत होतं. बॅगा नीट लावल्या, मुलांना खिडकी दिली आणि काकूंना बघायला उठले. एक डबा, पुढचा डबा. मग चालकाची बंद केबिन. मागे फिरले, दुसऱ्या टोकाला गेले. तिथेही केबिन. तेवढ्यात त्स्वाइलुट्शिनेन मागे पडलं होतं.

हातपाय गार पडणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी समजलं. सत्तरीच्या पुढची दोन माणसं, भाषा येत नाही, फोनमध्ये तिथलं सिमकार्ड नाही, पास माझ्याकडे आणि हॉटेलचा पत्ताही माझ्याकडे. त्यांच्या हातात काय होतं? दोन बॅगा आणि एक डायरी.

लाउटरब्रुनेनला उतरल्यावर पुण्याच्या ताईंना हॉटेलचा कागद दिला आणि सांगितलं, ‘सगळ्यांना घेऊन जा, स्टेशनपासून पाच मिनिटं आहे, मी येते.’ मुलांनी विचारलं, ‘आजी-आजोबा कुठे गेले?’ मला उत्तर देता आलं नाही. तिकीट खिडकीकडे धावले. खिडकीवरच्या माणसाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं, पडद्याकडे पाहिलं आणि तो फोन उचलणार तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर, सुरुवातीला +41.

‘तुमची आई माझ्याबरोबर आहे,’ एक बाई इंग्रजीत म्हणाली. ‘वडीलही आहेत. दोघं ठीक आहेत.’

ती ग्रिंडेलवाल्डला राहणारी, मुलाला घेऊन घरी निघालेली. गाडी दरीत वळल्यावर काकूंनी आमच्यापैकी कोणी दिसतंय का ते पाहिलं, कोणी दिसेना, तेव्हा डायरी काढून त्या समोरच्या बाईला म्हणाल्या, ‘लाउ-टर-ब्रु-नेन?’ देवनागरी तिला वाचता येणार नव्हती, पण उच्चार असा स्वच्छ होता की तिला लगेच कळलं. तिने खिडकीबाहेर बोट करून उलट्या दिशेने हात हलवला. मग तिची नजर बॅगेच्या पट्टीवर गेली. त्यावर माझा नंबर होता. पट्ट्या विमानतळावर बॅगा गहाळ झाल्या तर सापडाव्यात म्हणून लावलेल्या.

तिने फोन काकूंकडे दिला. मी एवढंच म्हणू शकले, ‘काकू, घाबरू नका.’

‘अगं, घाबरतीय कशाला,’ काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज जरा कापत होता. ‘तू रडू नको आधी. गाडी आपलीच होती म्हणे, डबा तेवढा चुकला. आता काय करू, सांग.’

त्या बाईशी पुन्हा बोलले. ती म्हणाली, मधल्या निर्मनुष्य स्टेशनवर त्यांना उतरवण्यापेक्षा शेवटपर्यंत नेते, ग्रिंडेलवाल्डहून परतीच्या गाडीत स्वतः बसवून देते. तुम्ही त्स्वाइलुट्शिनेनला थांबा. गाड्या अर्ध्या अर्ध्या तासाने. मी पुढची गाडी पकडून मागे आले.

त्स्वाइलुट्शिनेन म्हणजे दोन लुट्शिना नद्या. ग्रिंडेलवाल्डकडून येणारी काळी लुट्शिना आणि लाउटरब्रुनेनकडून येणारी पांढरी, इथे एकत्र येतात. चार घरं, एक स्टेशन, गायींच्या गळ्यातल्या घंटांचा आवाज आणि हिमनदीचं दुधट पाणी. मी फलाटावर उभी होते आणि मला कराड दिसत होतं. कृष्णा-कोयनेचा प्रीतिसंगम काकूंच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्या पहिल्याच दिवशी विमानात सांगत होत्या. दोन नद्यांच्या संगमावर मी माझी दोन माणसं सोडून पुढे गेले होते.

तो अर्धा तास फार मोठा होता. पॅरिसची ती गर्दीची लोकल आठवत होती. तिथे कोणी हरवलं नाही, कारण फाटकाने मला तिकिटं वाटायला लावली होती. माणसाच्या मुठीत त्याचं तिकीट होतं म्हणून तो स्टेशनचं नाव बघत होता, पाटी वाचत होता, मला विचारत होता. इथे मी सगळं माझ्या फोनमध्ये ठेवलं आणि त्यांना फक्त माझी पाठ दिली बघायला. त्याला मी इतकी वर्षं काळजी घेणं म्हणत आले होते.

गाडी आली. आधी काका उतरले, पाय जपत, बॅग दोन्ही हातांनी धरून. माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘माझ्या गुडघ्यापायी झालं. ते दार सोपं वाटलं.’ मी म्हटलं, ‘काका, चूक माझी आहे. तुम्ही हात केला होता, मी बघितलं होतं.’ त्यांनी तेव्हा माझ्याकडे पाहिलं.

काकू उतरल्या त्या एका हातात डायरी आणि दुसऱ्या हातात अर्धं सफरचंद घेऊन. ‘तिच्या पोरानं दिलं,’ म्हणाल्या. ‘आणि तो आयगर का काय तो डोंगर, तिनं दाखवला. केवढा गं! उद्या आपण त्याच्याकडंच जाणार आहोत ना?’ मी त्यांना मिठी मारली. त्यांनी माझ्या पाठीवर थोपटलं, जसं शाळेत पडून आलेल्या पोराला थोपटतात तसं.

त्या बाईला मी संध्याकाळी फोन केला. नाव तिने सांगितलं नाही, मीही आग्रह केला नाही. ती एवढंच विचारत होती की काकांना जिना चढायला लागला का.

रात्री हॉटेलच्या रिसेप्शनवर बसून अकराही पास छापून घेतले. प्रत्येकासाठी एक पाकीट केलं: त्याचा पास, पुढच्या प्रत्येक हॉटेलचं नाव-पत्ता तिथल्या लिपीत आणि देवनागरीत, गाडी बदलण्याची स्टेशनं, माझा नंबर. इटलीच्या पानावर स्टेशनांची नावं तिथल्या लोकांसारखी लिहिली, कारण पाटीवर व्हेनिस लिहिलेलं नसतं, व्हेनेत्सिया असतं. तिकिटं त्यांनी सांभाळायची. पुण्याच्या काकांनी विचारलं, ‘हरवली तर?’ मी म्हटलं, ‘माझ्याकडे दुसरी प्रत आहे. पण पहिली तुमच्याकडे.’

त्यानंतर तिसऱ्या दिवशी व्हेनिसला चाललो होतो. गाडी मेस्त्रेला थांबली. पाटीवर ठळक अक्षरांत ‘व्हेनेत्सिया मेस्त्रे’. अर्धा डबा उठला. कोल्हापूरचे दादाही उठले, वरच्या फळीवरून बॅग ओढू लागले. मी डब्याच्या दुसऱ्या टोकाला होते आणि तोंड उघडणार तेवढ्यात काकूंचा आवाज आला, वर्गात यायचा तसा.

‘बसा खाली. हे मेस्त्रे आहे, जमिनीवरचं. आपलं सांता लुचिया. अजून पूल ओलांडायचाय.’