लॉ कॉलेजमधून लष्कराच्या जॅग शाखेकडे : माझा अनुभव

लॉ कॉलेजात शिकत असतानाच सैन्यातील वकिलीची तयारी सुरू करता येते का, असे कनिष्ठ विद्यार्थी मला नेहमी विचारतात. सुरू करता येते आणि ती तेव्हाच करावी, असे माझे ठाम मत आहे. मात्र या वाटेवर मला खरा मनस्ताप झाला तो आमच्याच विद्यापीठाच्या परीक्षा विभागात, आणि तोही एका साध्या प्रमाणपत्रासाठी. हे लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे.

भारतीय लष्कराच्या जज ॲडव्होकेट जनरल शाखेत, म्हणजे लष्कराचे कायदेविषयक काम पाहणाऱ्या जॅगमध्ये, अविवाहित विधी पदवीधरांची शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या अधिकारीपदावर, भरती होते. वय २१ ते २७, एलएलबीला एकूण किमान ५५ टक्के गुण आणि बार कौन्सिलकडे नोंदणीस पात्र असणे, या मुख्य अटी आहेत. लष्कराची वेगळी लेखी परीक्षा नसते, परंतु क्लॅट पीजीचा, म्हणजे एलएलएमच्या सामायिक प्रवेश परीक्षेचा, स्कोअर आता अनिवार्य आहे, आणि जाहिरातीत ज्या वर्षाचा मागितला असेल त्याच वर्षाचा तो चालतो. ही परीक्षा अंतिम वर्षात असतानाच देता येते. ती अलीकडे डिसेंबरात होत असल्यामुळे ‘आधी पदवी हातात येऊ दे, मग बघू’ असा विचार करणाऱ्यांचे वर्ष सरळ वाया जाते. मी चौथ्या वर्षापासून संविधानाचे महत्त्वाचे निकाल मुळातून वाचू लागले होते, त्यामुळे ती पायरी फारशी जड गेली नाही.

अडले ते टक्केवारीवर. आमच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात सुरुवातीला गुणांची पद्धत होती आणि मध्येच श्रेयांक पद्धत लागू झाली. परिणामी काही गुणपत्रकांवर एकूण गुण छापलेले होते, तर उरलेल्यांवर केवळ सीजीपीए. अर्जात मात्र सर्व वर्षांची मिळून टक्केवारी भरायची होती, आणि ती कोणत्या सूत्राने काढली याचा विद्यापीठाचा सही-शिक्क्याचा कागद निवड मंडळापुढे कागदपत्रांच्या तपासणीत दाखवायचा होता. परीक्षा विभागाच्या खिडकीवर मला सांगण्यात आले, “मॅडम, सूत्र वेबसाइटवर आहे, प्रिंट काढून घ्या.” त्या प्रिंटवर कोणाचीही सही नसते, हे मी शांतपणे सांगितले. त्यावर प्राचार्यांचे पत्र आणायला सांगितले गेले. पत्र नेले तेव्हा चलन भरून या, असे उत्तर मिळाले. चलन भरले, अर्जाला आवक क्रमांक पडला, आणि त्यानंतर माझी फाइल ज्या टेबलावर गेली तेथील साहेब परीक्षेच्या कामावर बाहेरगावी असल्याचे कळले. ते परतले, तेव्हा दोन पद्धतींची एकत्र टक्केवारी देण्याचा नमुनाच आमच्याकडे नाही, असा नवा मुद्दा निघाला. विद्यापीठानेच अभ्यासक्रमाची पद्धत मध्ये बदलायची आणि तिचा हिशेब लेखी मागणाऱ्या विद्यार्थ्याने खेटे घालायचे, याचा राग मला आजही येतो, आणि तो रास्त आहे असे मला वाटते.

एसएसबीच्या, म्हणजे याच निवड मंडळाच्या (सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्ड) चाचण्या व मुलाखतीच्या, तारखा उमेदवाराला ऑनलाइन निवडता येतात, आणि जो आधी निवडेल त्याला पसंतीची तारीख मिळते. मी मुद्दाम भोपाळ केंद्राची शेवटची उपलब्ध तारीख घेतली, ती केवळ या कागदासाठी वेळ मिळावा म्हणून. शेवटी मार्ग निघाला तो असा : मी प्रमाणपत्राचा मसुदा स्वतःच टाइप केला. त्यात प्रत्येक सत्राची एक ओळ होती, तीत मिळालेले गुण किंवा श्रेयांक, लागू असलेले सूत्र व त्यावरून येणारे गुण यांचे रकाने होते, आणि तळाशी एकूण बेरीज होती. सोबत एसएसबीचे बोलावणे जोडले व त्यावरील तारखेखाली रेघ मारली. तो तक्ता पाहिल्यावर साहेबांनी पेन्सिलीने दोन बेरजा पडताळल्या आणि त्याच बैठकीत सही केली. इतके आठवडे जे काम अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते एका चहाच्या वेळात झाले. म्हणून सांगते, नमुना मागू नका, तयार करून न्या. आणि शेवटच्या सत्राच्या निकालाची वाट न पाहता आधीच्या सत्रांचा तक्ता तपासून घेऊन ठेवा.

एक गोष्ट वर सांगायची राहिली. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी असते आणि विद्यापीठाच्या कागदांवर अनेकदा शेवटी. नाव सर्वत्र सारखे आहे का, आईवडिलांच्या नावांची स्पेलिंग जुळते का, हे अंतिम वर्षाच्या आरंभीच पाहा, कारण दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच खिडकीवर जावे लागते.

एसएसबीचे पाच दिवस मला मनापासून आवडले. तेथे प्रत्येक गोष्ट सांगितलेल्या वेळी होते. एका मानसशास्त्रीय चाचणीत एकेक शब्द पडद्यावर १५ सेकंद राहतो आणि तेवढ्यात त्यावरून सुचेल ते वाक्य लिहायचे असते. घोकलेली वाक्ये तेथे उपयोगी पडत नाहीत. मुलाखतीत जॅग अधिकाऱ्याचे काम विचारले गेले, तेव्हा १९५० च्या आर्मी ॲक्टनुसार जनरल कोर्ट मार्शलमध्ये जज ॲडव्होकेट, म्हणजे कायद्याचा सल्ला देणारा अधिकारी, उपस्थित असावाच लागतो, हे मी सांगू शकले. कायदा शिकणाऱ्याने निदान हा अधिनियम वाचूनच जावे. मुलींसाठी आणखी एक महत्त्वाचे : जॅगमध्ये पुरुषांसाठी ६ आणि स्त्रियांसाठी ३ अशी जागांची विभागणी करणारी भरती सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये बेकायदा ठरवली आणि एकत्रित गुणवत्ता यादीचा आदेश दिला. त्यामुळे जागा कमी म्हणून अर्जच न करण्याचे कारण आता उरलेले नाही.

माझी शिफारस झाली, वैद्यकीय तपासणी झाली आणि गुणवत्ता यादीत नाव आले. आता चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीतील ४९ आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी निघायचे आहे, आणि याचा मला अतिशय अभिमान वाटतो. टक्केवारीचे ते प्रमाणपत्र मिळेल तेव्हा त्याच्या दोन प्रतींवर मूळ सही आणि शिक्का घ्या. एक मंडळापुढे ठेवली, तरी दुसरी जवळ राहते आणि परीक्षा विभागाच्या खिडकीवर पुन्हा उभे राहावे लागत नाही.