बोगद्याच्या अलीकडे, बोगद्याच्या पलीकडे

नाशिकरोडला राहणारा माणूस ‘जरा नाशिकला जाऊन येतो’ असं म्हणतो, हे कळलं तेव्हा आम्हाला घर शोधायला लागून दोन आठवडे झाले होते. तोवर मी नाशिकरोडला नाशिकचाच एक भाग समजत होते. महापालिका एकच आहे, पण मधलं आठ-दहा किलोमीटरचं अंतर आणि द्वारका चौक पार केला की ते वाक्य पटतं.

आमच्या घरात तिघांच्या तीन दिशा होत्या. माझी नोकरी अंबड एमआयडीसीत, पहिली शिफ्ट सकाळी सातची. नवऱ्याचं ऑफिस कल्याणला, आठवड्यातून तीन दिवस, म्हणजे नाशिकरोडहून सातच्या सुमाराची पंचवटी एक्सप्रेस. आणि अमळनेरहून आमच्याबरोबर येणाऱ्या सासूबाईंची अट एकच, गंगा जवळ पाहिजे. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे ‘गंगेवर जाऊन येतो’ ऐकून त्यांना पहिल्या दिवसापासून शहर आवडलं होतं.

म्हणून सुरुवात पंचवटीपासून केली. घाटापासून हाकेच्या अंतरावर टू बीएचके, भाडं आमच्या आवाक्यातलं. एजंट बाल्कनी दाखवत होता आणि मी खाली किराणा दुकानात सहज विचारलं, पावसाळ्यात कसं असतं? दुकानदाराने काही न बोलता भिंतीवर छातीच्या उंचीला बोट टेकवलं. ‘2019 चा ऑगस्ट.’ रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीवरून इथे पुराचं माप सांगतात. पाणी मारुतीच्या गुडघ्याला आहे की गळ्याला, यावर लोक सामान वर चढवायचं की नाही ते ठरवतात. पूररेषाही दोन असतात, 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची लाल. एजंटला विचारलं, ही बिल्डिंग कुठल्या रेषेत? तो म्हणाला, ‘मॅडम, तुमचा तर तिसरा मजला आहे.’ मजला तिसरा होता, पण गाडी, मीटर आणि पाण्याची मोटर तळमजल्यावर होती. शिवाय 2027 चा सिंहस्थ कुंभमेळा समोर आहे. पर्वणीच्या दिवसांत या भागातून शिफ्टला वेळेवर पोहोचायचं कसं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. सासूबाई दोन दिवस गप्प होत्या.

कॉलेज रोड आणि गंगापूर रोड एका संध्याकाळीच आटोपले. झाडी सुंदर, हवा सुंदर, भाडं ऐकून आम्ही मिसळ खाल्ली आणि परत आलो.

मग पाथर्डी फाट्याजवळ मोठी चूक केली. नवी कोरी बिल्डिंग, लिफ्ट, मोकळा रस्ता, अंबड दहा मिनिटांवर. रविवारची दुपार होती. आणखी दोन पार्ट्या बघून गेल्यात, असं एजंट म्हणाला आणि आम्ही जागेवर पाच हजार टोकन दिलं. मंगळवारी सकाळी मी मुद्दाम एकटी गेले, तर गेटवर टँकर उभा. वॉचमनला विचारलं, रोज येतो का? तो म्हणाला, ‘उन्हाळ्यात दोन येतात.’ महिन्याच्या मेंटेनन्समध्ये टँकरचे पैसे वेगळे, हे त्याच्याकडून कळलं. एजंट याबद्दल अवाक्षर बोलला नव्हता. टोकन परत मिळालं नाही. नवऱ्याने त्यावर एकही शब्द काढला नाही, ते मला जास्त लागलं.

त्यानंतर मात्र मी रविवारी घर बघणं बंद केलं. घर पसंत पडलं की साडेसहाला सकाळी तिथून स्कूटरवर कंपनीच्या गेटपर्यंत जायचं, आणि संध्याकाळी सहाला त्याच रस्त्याने परत. गूगलवर पंधरा मिनिटं दाखवतं ते खोटं नसतं, पण कुठल्या वेळचं ते बघावं लागतं. नाशिकरोडचा एक चांगला फ्लॅट याच परीक्षेत गेला. आग्रा हायवे आणि पुणे रस्ता द्वारकेला एकमेकांत घुसतात, वरून उड्डाणपूल गेला तरी खालची गर्दी खालीच राहते. मी तिथे पस्तीस मिनिटं एका ट्रकच्या मागे उभी होते. आणि प्रश्न विचारायचे ते एजंटला नाही, इस्त्रीवाल्याला. कुठल्या बिल्डिंगमध्ये भाडेकरू टिकत नाहीत हे त्याला तोंडपाठ असतं.

सिडको, म्हणजे सिडको महामंडळाने सहा स्कीममध्ये वसवलेली वसाहत, हे सासूबाईंनी शोधलं. मी त्यांना पवननगरच्या भाजीबाजारात सोबत म्हणून नेलं होतं. भरताची वांगी निवडताना त्या अहिराणीत काहीतरी पुटपुटल्या आणि भाजीवालीने मान वर करून विचारलं, ‘कोनता गावना शेतस?’ पुढचा अर्धा तास मला तिथे कुणी विचारलंच नाही. सिडकोत खान्देशातली माणसं पावलोपावली. घरी येताना त्यांनी गंगेचं नाव काढलं नाही. अंबडही अगदी लगत. पण पहिल्या स्कीमपासून सहाव्या स्कीमपर्यंत फिरलो तरी आमच्या बेताची जागा मिळेना. घरं लहान, गल्ल्या अरुंद, गाडी लावायची तर शेजाऱ्याशी वैर घ्यावं लागणार. आणि नाशिकरोड स्टेशन तिथून लांबच.

शेवटी नकाशा जमिनीवर पसरून बसलो. हायवेच्या पलीकडे सिडको आणि अंबड, अलीकडे इंदिरानगर-राणेनगर, मध्ये हायवेखालून जाणारे बोगदे. इंदिरानगरच्या बाजूने वडाळा-पाथर्डी रस्ता धरला तर द्वारकेला न जाता नाशिकरोड गाठता येतं. नवऱ्याने तीन सकाळी मोटरसायकलवरून जाऊन पाहिलं. तिन्ही वेळा फलाटावर चहा पिऊन पासधारकांच्या डब्यात चढायला वेळ उरेल, असं निघालं. मी राणेनगरच्या बोगद्यातून अंबड गाठलं, अठरा मिनिटं. संध्याकाळी बोगद्यात कोंडी होतेच, त्याला इलाज नाही. बिल्डिंग वीस वर्षं जुनी, लिफ्ट नाही, म्हणून सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी पहिला मजला. पालिकेचं पाणी सकाळी येतं, ते मी स्वतः नळ सोडून पाहिलं.

घरमालक काका भले, पण म्हणाले, ‘स्टॅम्पपेपरवर नोटरी करू, रजिस्टर कशाला?’ मी सांगितलं, काका, नोंदणी न करण्याचा धोका तुम्हालाच. भाडे नियंत्रण कायद्यात कलम 55 आहे. करार लेखी आणि नोंदलेला नसेल तर वादात अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे ऐकल्यावर त्यांनी स्वतःच आधार कार्ड काढलं. अकरा महिन्यांचा करार ऑनलाइन झाला. शहरात नोंदणी फी 1,000 रुपये आणि वर मुद्रांक शुल्क पाव टक्का. तो खर्च निम्मा-निम्मा केला.

आता सासूबाई दर सोमवारी सिटीलिंकच्या, म्हणजे शहर बससेवेच्या, बसने पंचवटीतल्या निमाणी स्थानकाला उतरतात, तिथून रिक्षाने गंगेवर. गुरुवारी मात्र मी त्यांना बोगद्यातून पवननगरला सोडते. येताना पिशवीत वांगी असतात आणि कुणाच्या तरी मुलीचं स्थळ.